राखीव ड्यूटी

डेपोतले ड्रायव्हर तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे मिनिट. पुढे दोन्ही एक झालं आणि ती सगळ्यांची मिनिटताई झाली. तिचं काम ड्यूट्यांचे तक्ते लावायचं, आणि ती कुणाला एक मिनिट जास्त द्यायची नाही. एकशे चाळीस गाड्या, तीनशे दहा ड्रायव्हर. कोण कितीला चढणार, कुठे उतरणार, कुणाच्या हातात गाडी देणार, हे सगळं ती टेबलाएवढ्या कागदावर पेन्सिलीने मांडायची. कॉम्प्युटर आल्यावरही आधी कागदावर मांडायची आणि मग कॉम्प्युटरला सांगायची. कॉम्प्युटरला माणसं कळत नाहीत, असं तिचं म्हणणं. आपल्याला कळतात, याबद्दल तिला सव्वीस वर्षांत कधी शंका आली नव्हती.

अशा या बाईने एका सकाळी एकाच ड्रायव्हरला एकाच वेळी दोन गाड्यांवर बसवलं.

तो बिचारा तक्ता घेऊन तिच्या खिडकीशी आला. म्हणाला, "ताई, एकेक हात दोन्ही गाड्यांना लावतो, पण बूड कुठल्या सीटवर टेकू तेवढं सांगा."

सगळे हसले. तीही हसली. बाकीच्यांचं हसून झालं तरी तिचं चालूच राहिलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की हे हसणं नाही. साहेबांनी स्वतः उठून पाणी आणलं. वीस मिनिटं ती हुंदके देत बसली होती. वीसच, कारण ती समोरच्या घड्याळाकडे बघत रडत होती.

कारण घरी होतं. सात महिन्यांपूर्वी वडिलांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बाबा याच डेपोचे ड्रायव्हर. चौतीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झाले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच राहायचे. धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. यायचा, काळजीने विचारपूस करायचा आणि काळजीनेच निघून जायचा. भावजय मनाने वाईट नव्हती, पण कुणी नेमकं काही सांगितलं नाही तर आपण होऊन कशाला हात लावायचा, असा तिचा स्वभाव. तेव्हा पहाटे उठून अंग पुसण्यापासून झोपताना कूस बदलण्यापर्यंत सगळं हिच्याच गळ्यात. वर डेपो. जेवताना ती उभी असायची आणि झोपेतही एक कान उघडा ठेवायची.

कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला वरून खालून तपासलं, शरीरात काही सापडलं नाही, आणि तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

मिनिटताई मनात धुसफुसतच गेली. आपण काय वेड्या झालोय? खोली लहानशी होती. दोन खुर्च्या, एक खिडकी, खिडकीबाहेर स्कूटरींची रांग, आणि हाताशी कागदी रुमालांचा खोका, रडायचं नसलं तरी आठवण व्हावी असा ठेवलेला. बाई तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. पेनाचं टोपण चावायची बाईंना सवय होती. मिनिटताईने ती आल्याआल्या टिपली आणि मनातल्या मनात बाईंचे गुण कापले.

पण बाईंनी लहानपणाबिहानपणाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि पाच पायऱ्या सांगितल्या. आधी प्रश्न एका वाक्यात लिहायचा. मग सुचतील तितके उपाय लिहायचे, वेडेवाकडे असले तरी. मग एकेका उपायाने कुणाचं काय होईल ते तोलायचं. मग एक निवडून करून बघायचा. आणि दहा आठवड्यांनी परत बसून बघायचं, की काय साधलं.

"म्हणजे तक्ताच की हो!" मिनिटताई म्हणाली. कित्येक महिन्यांत तिच्या आवाजाला पहिल्यांदाच जरा उभारी आली होती.

"तसंच समजा. पण पहिल्या ओळीला घाई करू नका. ती चुकली तर पुढचं सगळं बरोबर येऊनही उपयोग नसतो."

मिनिटताईला कशाला घाई लागते? तिने पिशवीतून स्वतःची पेन्सिल काढली आणि एका दमात लिहिलं: बाबांजवळ चोवीस तास कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी मी.

बाईंनी वाचलं. "छान लिहिलंय. वडिलांना विचारलंत का, त्यांना काय अडतं ते?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांचं सगळं मीच तर करते. मला माहीत असणारच."

"तरी विचारून बघा," बाई म्हणाल्या. मिनिटताईने मान डोलावली आणि उपायांकडे वळली. उपाय चौदा निघाले. अकरावा होता, घर सोडून निघून जाणे. लिहिताना तिचा कान लाल झाला, पण बाईंनी काहीच विशेष नसल्यासारखा सहज बारावा विचारला, आणि तिला एकदम हलकं वाटलं. एवढं वाईट मनात आणूनही छत खाली आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने तक्ता लावला. सकाळी सहा ते आठ ती स्वतः. आठ ते एक भावजय. एक ते सहा पगारी नर्स. संध्याकाळ पुन्हा तिची, आणि आठवड्यातल्या तीन रात्री भावाच्या. नुसती नावं लिहून थांबेल तर ती मिनिटताई कसली! प्रत्येक ड्यूटीत चौकटी, प्रत्येक चौकटीत काम. आठ वाजता गोळी. सव्वाआठला रक्तदाब. नऊला अंग पुसणे. दर दोन तासांनी कूस बदलणे. अकराला उजव्या हाताचा व्यायाम, वीस वेळा. काम झालं की बरोबरची खूण. तक्ता तिने बाबांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला, आणि लांब उभी राहून बघितला. एवढा सुबक तक्ता तिने डेपोलाही कधी लावून दिला नव्हता.

बाबा तो बराच वेळ वाचत होते. बोलणं जड झालं होतं, पण शब्द कळायचे.

"यात राखीव कोण नाही गं."

डेपोच्या तक्त्यात प्रत्येक पाळीला काही ड्रायव्हर राखीव ठेवतात. त्यांच्या नावावर गाडी नसते. कुणी आजारी पडलं, कुठे काही अडलं, तर हाताशी माणूस असावा म्हणून ते ड्रायव्हरांच्या खोलीत नुसते बसून असतात. मिनिटताईला आपली चूक लगेच कळली. राखीव माणूस न ठेवता तक्ता? तिने कपाळाला हात लावला, खाली गेली, तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना विचारून आली, आणि तक्त्याच्या खाली लाल अक्षरांत त्यांचा फोन नंबर लिहिला. कुणी आलं नाही तर फोन करणे.

"झालं बाबा. ठेवला राखीव."

बाबांनी नंबराकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बरं," म्हणाले.

आणि खोटं कशाला सांगा, तक्ता चालला. भावाला स्वतःच्या नावाची चौकट दिसल्यावर अंग काढून घेता येईना. तो ठरल्या वेळेला उशी बगलेत मारून हजर व्हायला लागला. नेमकं काम मिळाल्यावर भावजय चोख निघाली, रक्तदाब तर नर्सपेक्षा छान घ्यायची. मिनिटताई बसून जेवू लागली. समुपदेशक बाईंनी तिला दर आठवड्याला मनावरच्या ताणाला दहापैकी गुण द्यायला सांगितले होते. नवाचे सात झाले, साताचे चार. डेपोत एक दिवस तिने कुणाला तरी चक्क दोन मिनिटं जास्त दिली, तर तो ड्रायव्हर तब्येत विचारायला खिडकीशी आला.

बाबा मात्र कमी बोलायला लागले. आजारच आहे, चालायचंच, असं सगळ्यांनी धरलं. संध्याकाळी ती खोलीत आली की ते विचारायचे, "काम झालं की जाणार?"

"कुठे जातेय मी? आत स्वयंपाकघरात तर आहे," ती चौकटीत खूण करता करता म्हणायची. आणि जायची.

चौथ्या आठवड्यात दुसरा झटका आला आणि उरलेले शब्दही गेले. बाबा दवाखान्यातून परत आले ते फक्त डोळे, डावा हात आणि कसाबसा हलणारा डावा पाय घेऊन. मिनिटताईने तक्त्यात चौकटी वाढवल्या. रडणं आलं ते तिने न्हाणीघरात उरकलं.

त्याच सुमाराला मुख्य कार्यालयातून डेपोत हुकूम आला. राखीव ड्रायव्हर दर पाळीला आठ कशाला? तीन ठेवा, पाच जणांना गाडीवर चढवा. मिनिटताईला तो पटला. तिलाही ती बाकावर बसलेली माणसं आयुष्यभर खुपत आली होती. खोडरबर घेऊन तिने पाच नावं पुसली आणि सकाळी अकराच्या सुमाराला सांगायला ड्रायव्हरांच्या खोलीत गेली.

बाकावर भोंगाकाका बसले होते. आवाजामुळे पडलेलं नाव. बाबांचे जुने सोबती, निवृत्तीला चार महिने उरलेले. पुसलेल्या पाचांत तेही होते.

"पुसलंस?" ते गरजले. "बरं केलंस. बसून बसून गंजलोच होतो."

"काका, चिडू नका. रिकामं बसवून ठेवायला माणसं आहेत कुठे?"

"रिकामं?" भोंगाकाकांचा आवाज खाली आला. तो खाली आलेला तिने कधी ऐकला नव्हता. "तुझा बाप शेवटची दोन वर्षं राखीव होता ते माहितीये ना तुला?"

"गुडघे दुखायचे म्हणून ती ड्यूटी घेतली होती त्यांनी."

"गुडघे कसले दुखतात! माझ्यापेक्षा जोरात चालायचा. त्याने मागून घेतली. बस इथे जरा, सांगतो."

ती बसली नाही, पण थांबली.

"माझ्या गाडीखाली एक सायकलवाला आला होता बघ. माझी चूक नव्हती, सगळ्यांनी तसं लिहून दिलं. पण गेला तो. मला इथे आणून बसवलं. मग काय, रांगच लागली. साहेब आला जबाब घ्यायला. कारकून आला सही घ्यायला. डॉक्टर आला नाडी बघायला. एकाने पाणी आणलं, एकाने बिस्किटं. माणसं चांगलीच होती गं, पण जो तो काहीतरी काम घेऊन आला, केलं आणि गेला. तुझा बाप तेवढा काम न घेता आला. या बाकावर होता, तिकडे सरकला, मला जागा करून दिली. चार तास. एक अक्षर बोलला नाही. त्याची पाळी संपली तरी उठेना. मी म्हटलं, अहो जा की घरी. तर म्हणतो, जातो कसला, मी राखीव आहे."

भोंगाकाकांनी बाकावर हात फिरवला. "त्या दिवशी तो नसता तर मी काय केलं असतं ते मला माहितीये. तुला नाही सांगत. तेव्हापासून कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या घरी काही झालं, की आम्ही त्याला तुझ्या बापाशेजारी आणून बसवायचो. तक्त्यात काय लिहिलं होतंस त्याच्यापुढे? काही नाही. पण त्याच्याइतकं काम इथे कुणी केलं नाही."

मिनिटताईला बाबांचं वाक्य आठवलं. यात राखीव कोण नाही गं. हे बोललेली त्यांची जीभ आता उचलत नव्हती, आणि तिने त्या वाक्याला उत्तर म्हणून खालच्या मजल्याचा फोन नंबर दिला होता.

ती टेबलाशी परतली नाही. पर्स घेतली आणि निघाली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. सव्वीस वर्षांत या वेळेला तिने डेपोच्या फाटकाबाहेरचा रस्ता पाहिला नव्हता. तो उन्हात एवढा रिकामा असतो हेही तिला माहीत नव्हतं.

दार भावजयीने उघडलं. "ताई? आत्ता कशा? तुमची ड्यूटी तर सहाला."

"काही नाही. तू तुझं चालू दे."

ती बाबांच्या खोलीत गेली. बाबा उताणे पडले होते, डोळे उघडे. ती पलंगाशी आली तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ते गोळीसाठी तोंड उघडून वाट बघत होते.

"नाही बाबा. गोळी नाही."

त्यांनी तोंड मिटलं. थोडं थांबून डावा हात चादरीबाहेर काढला आणि पुढे धरला, रक्तदाबाचा पट्टा बांधायला.

"तेही नाही."

मग ते डाव्या हाताने पलंगाचा कठडा धरून वळायची धडपड करू लागले. कूस बदलायला आली असेल, असं वाटलं असणार. त्यांच्याकडे आता माणूस कामाशिवाय येत नाही, हे ते शहाण्या मुलासारखे शिकले होते आणि आलेल्याला त्रास पडू नये म्हणून आपल्या बाजूने सगळी तयारी ठेवत होते. मिनिटताईने त्यांचा हात धरला. "बाबा, काही काम नाही. मी राखीव आहे," ती म्हणाली. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि गोंधळून पुन्हा तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने डेपोतून दुपारी तीनलाच निघायची परवानगी काढली. पुसलेली पाच नावं तिने परत लिहिली आणि तक्ता वर पाठवला. बरीच ओरड झाली. ती तिने ऐकून घेतली. घरच्या तक्त्यात तिने चार ते पाच अशी एक नवी चौकट आखली आणि तिच्यात काही लिहिलं नाही. नर्सने विचारलं, "ताई, यात काम कुठलं?" तर म्हणाली, "तेव्हा तुम्ही गॅलरीत जाऊन चहा घ्यायचा."

रोज चार वाजता ती हात मोकळे ठेवून आत जायची आणि खुर्चीवर बसायची. पहिले काही दिवस फार जड गेले. सवय नव्हती, हात आपोआप चादर सारखी करायला धावायचे, ते ती मांडीखाली दाबून ठेवायची. आणि रोज ती दारात दिसली की बाबा तोंड उघडायचे. ती म्हणायची, काही नाही बाबा. ते मिटायचे. मग हात पुढे करायचे. ती तो हात आपल्या हातात घ्यायची आणि ठेवायची. पाच वाजता नर्स परत आली की बाबांचे डोळे तक्त्याकडे जायचे, कामाची खूण कुठे केली ते शोधायला. आठ दिवस असंच. आपण फार उशिरा आलो, आता ही सवय काही मोडायची नाही, असं आठव्या दिवशी तिने मनाशी मान्यही केलं.

नवव्या दिवशी ती चार वाजता दारात उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं नाही. हातही पुढे केला नाही. मग चादरीखाली त्यांचा डावा पाय हलला. कण्हत, मध्ये दम खात, त्यांनी तो पाय भिंतीकडे सरकवला, जेमतेम चार बोटं. पलंगाच्या कडेला तेवढी जागा झाली. मिनिटताई खुर्ची सोडून त्या चार बोटांवर टेकली. पाच कधी वाजले ते तिने पाहिलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी साडेनऊला बाबा गेले. ड्यूटीवर भावजय होती. अंग पुसायला तिने कोमट पाणी आणलं होतं, ते तसंच राहिलं. तिने हंबरडा फोडला असं शिक्षिकाबाई सांगत होत्या.

समुपदेशक बाईंनी दिलेली तारीख त्यानंतर आठवड्याने होती. मिनिटताई वेळेवर गेली. त्याच खुर्च्या, तोच कागद. बाबा गेल्याचं तिने दोन वाक्यांत सांगितलं.

"आज हे राहू दे," बाई कागद बाजूला घेत म्हणाल्या.

"नको. पाचवी पायरी राहिलीय."

तिने कागद ओढून घेतला. पहिली ओळ तिने पेन्सिलीने लिहिली होती. ती तिने हळूहळू खोडली आणि त्याच जागी लिहिलं: बाबांजवळ कुणीतरी नुसतं बसायला हवं होतं. मग शेवटच्या ओळीवर आली. काय साधलं? तिथे तिने लिहिलं: आठ दिवस नाही. नवव्या दिवशी तोंड उघडलं नाही.

बाईंनी वाचलं. त्यांना ते सगळं सांगावं लागलं, आणि सांगताना मिनिटताईने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. "त्यांनी मला विचारलं होतं हो," ती शेवटी म्हणाली. "बोलता येत होतं तेव्हा, सरळ शब्दांत. तुम्हीही म्हणाला होतात, विचारून बघा. मी सहा आठवडे त्यांना कामं पुरवत राहिले."

बाईंनी यावर काही समजूत घातली नाही. सहावी पायरी म्हणून काही सांगितली नाही. पेनाला टोपण लावलं आणि पेन खाली ठेवलं.

मिनिटताईने रुमालाने नाक पुसलं, पर्स उचलली. "झालं माझं. निघू का? अजून अकरा मिनिटं आहेत तुमची, तेवढीच विश्रांती होईल तुम्हाला."

"बसा," बाई म्हणाल्या, आणि आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली.

ती बसली. उरलेली अकरा मिनिटं दोघी काही न करता बसून राहिल्या.